कोजागरीची संध्याकाळ कोणाची?

२०१९ सालची कोजागरी १३ ऑक्टोबरला, रविवारी आली होती. त्या दिवशी आम्ही मुंबईत होतो. कामगारांच्या एका बैठकीसाठी वाशीमहून पाच जण गेलो होतो. त्यांत तिघे जिनिंगवरचे हमाल, चौथी तीस वर्षे जिनात रुई झाडलेली एक मावशी, आणि पाचवे आम्ही. अकोल्याला रात्रीची गाडी धरली आणि सकाळी उतरलो. दुपारी बैठक आटोपली. परतीची गाडी दुसऱ्या दिवसाची. तेव्हा मावशी म्हणाली, "भाऊ, आज कोजागिरी हाय. इतक्या लांब आलो त समुद्रावरचा चांद तरी दाखवा."

बैठकीला गोदीतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ आले होते. सगळे त्यांना दादा म्हणत. आम्ही त्यांना चौपाटीची वाट विचारली, तर ते हसले. म्हणाले, "चौपाटीवर सूर्य बुडतो हो, चंद्र उगवत नाही. सगळी मुंबई तिकडे तोंड करून बसते आणि चंद्र येतो पाठीमागून, इमारतींच्या वरून. उगवता चंद्र बघायचा तर गोदीच्या अंगाला यायला हवे." आणि ते आम्हांला अपोलो बंदरावर घेऊन आले.

सहा वाजून गेले होते. पाणी दूर गेले होते. भिंतीखालचे शेवाळलेले दगड उघडे पडले होते आणि चिखलाचा वास येत होता. आमच्यातला एक जण हिरमुसला. समुद्र म्हणजे भरलेला असणार, अशी त्याची समजूत. पलीकडे डाव्या हाताला घारापुरीचे बेट, समोर न्हावा-शेव्याच्या क्रेनांचे दिवे, उजव्या हाताला उरणच्या टेकड्या. दादा बोटाने एकेक दाखवीत होते. "तो तिकडे करंजा," असे ते म्हणाले, तेव्हा मावशी दचकली. "कारंजा? कारंजा त आमचा होय!" उरणचा करंजा निराळा आणि आमचा लाडांचा कारंजा निराळा, हे तिला समजावून सांगेपर्यंत क्रेनांच्या वर, धुरकट हवेतून, तांबूस चंद्र निघाला. पितळी परातीएवढा. मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी त याले उगवतानी कधी पाह्यलंच नाही. आमी पाह्यतो तवा तो डोक्यावर आलेला असते."

हे वाक्य आम्ही वाशीमला परत घेऊन आलो. आज या व्याख्यानमालेत जे सांगावयाचे आहे ते त्याच वाक्याचे विवरण आहे. चंद्र सर्वांचा आहे, त्याला तिकीट नाही. पण पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता उगवतो, आणि ज्याला त्या वेळी काम सोडून उभे राहता येते त्यालाच तो उगवताना दिसतो. मग प्रश्न असा की, ही संध्याकाळ कोणाची होती? ती कोणी, केव्हा आणि किती मिळविली? इतिहासाच्या पुस्तकांत पौर्णिमेचे उत्सव सापडतात, पण त्या उत्सवाला कोण येऊ शकत नव्हते हे शोधून काढावे लागते.

आरंभ घरापासून करू. आमचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. इसवी सनाच्या चौथ्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेने येथे राजधानी केली. पहिला राजा सर्वसेन; त्याने प्राकृतात 'हरिविजय' नावाचे काव्य रचले, ते आज समग्र मिळत नाही, पण आनंदवर्धनासारख्या मोठ्या साहित्यशास्त्रज्ञाने त्याचा उल्लेख केला आहे. त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट वाशीमलाच सापडला. या शाखेचा शेवटचा मोठा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, आणि तेथल्या शिलालेखात हरिषेणाच्या संदर्भात ज्या देशांची नावे येतात त्यांत त्रिकूट आणि लाट हीही आहेत. त्रिकूट म्हणजे उत्तर कोकणाकडचा मुलूख. म्हणजे समुद्रकाठाशी वाशीमचे नाते गिरणीच्या कापसाने प्रथम जोडले, असे म्हणावयाचे कारण नाही. समुद्राचे वेड तर वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेलाही होते. तिचा राजा दुसरा प्रवरसेन याने 'सेतुबंध' हे काव्य लिहिले. त्याचा विषयच रामाने समुद्रावर बांधलेला सेतू. समुद्रापासून इतक्या दूर, विदर्भात बसून!

आता कोजागरीकडे येऊ. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त उत्सवांची जी यादी आहे तीत 'कौमुदीजागर' आहे. आश्विनातल्या पौर्णिमेला झोके घ्यावेत, द्यूत खेळावे, चांदण्यात जागावे, असे टीकाकाराने त्याचे स्पष्टीकरण केले आहे. त्याच ग्रंथात वत्सगुल्माच्या लोकांचाही उल्लेख येतो. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी या भूमीवर कोजागरी जागविली जात असेल, असे समजण्यास हरकत नाही. पण ही यादी ज्या प्रकरणात आहे त्याचा नायक कोण, हे पाहिले पाहिजे. तो आहे 'नागरक', म्हणजे नगरात राहणारा खुशालचेंडू गृहस्थ. सकाळी त्याने दात कसे घासावेत येथपासून संध्याकाळी गाण्याला कोठे बसावे येथपर्यंत त्याचा दिवस ग्रंथकाराने आखून दिला आहे. त्याच्या दिवसात संध्याकाळ आहे, कारण त्याच्या दिवसात काम नाही. झोका बांधणारा, दूध आटविणारी, दिवट्या धरणारा यांचा दिवस त्या ग्रंथात नाही. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. हे ग्रंथ पुढे भाषांतरांतून, जिनच्या फाटकावर बसून वाचले. तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो हाच, की दूध कोणी आटविले?

पण लोकांनी आपली कोजागरी सोडली नाही. वऱ्हाडात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून पोरी भुलाबाई मांडतात, महिनाभर घरोघर गाणी म्हणतात, खिरापत ओळखायला लावतात आणि कोजागरीला भुलाबाईला निरोप देतात. त्या रात्री घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळतात. बौद्ध परंपरेत याच पौर्णिमेला भिक्खूंचा वर्षावास संपतो. हे सगळे संध्याकाळचे सोहळे आहेत, आणि त्यांना आई घरी असावी लागते. म्हणून पुढच्या इतिहासाचा विचार करताना आईच्या घरी येण्याची वेळ डोळ्यांपुढे ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ साली नागपूरला पोहोचली, पण तिचा रस्ता अकोला, मूर्तिजापूर असा. वाशीम बाजूला राहिले. आमच्याकडचा कापूस बैलगाड्यांनी अकोल्याला जाई, दोन-तीन मुक्कामांची वाट. उन्हाचा ताप चुकवावा म्हणून गाडीवान रात्री गाड्या हाकीत, आणि त्यांना शुक्ल पक्ष हाच कंदील होता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला अरुंद रुळांची गाडी झाली, जिला लोक शकुंतला म्हणत. ती मुख्यतः कापसासाठी बांधलेली. आज ती धावत नाही. पण तिच्या डब्यांतून आणि त्या बैलगाड्यांतून आमच्या भागाची रुई मुंबईला गेली. काही गिरण्यांत शिरली, काही गोदीतून जहाजात चढली.

गोदीत चंद्राचा उपयोग निराळा होता. समुद्राचे पाणी चंद्राच्या ओढीने चढते-उतरते, दिवसातून दोनदा, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीला मिळते, म्हणून त्या सुमारास उधाण येते. मुंबईच्या बंदरात तेव्हा ओहोटी-भरतीतला फरक साडेतीन-चार मीटरांचा असतो. पौर्णिमेची भरती तेथे दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमारास येते. म्हणूनच आम्ही संध्याकाळी गेलो तेव्हा दगड उघडे होते. दादा म्हणाले, "बारा वाजता परत या, पाणी भिंतीला लागलेले असेल." प्रिन्सेस डॉक १८८० साली झाली, व्हिक्टोरिया डॉक १८८८ साली. या दोन्ही गोद्यांना दरवाजे होते, आणि भरतीच्या सुमारास बाहेरचे व आतले पाणी समपातळीला आले म्हणजे ते उघडत. १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक झाली, तिला भरती-ओहोटीची तितकीशी वाट पाहावी लागत नसे. म्हणजे कित्येक वर्षे मुंबईत जहाज आत घ्यायचे तर पंचांग पाहावे लागे. पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी 'को जागर्ति' असे विचारीत फिरते म्हणतात. त्या वेळी गोदीचा दरवाजा उघडणारा आणि दोर ओढणारा माणूस खात्रीने जागा असे. लक्ष्मी त्याच्याकडे गेल्याची नोंद मात्र आमच्या वाचनात नाही.

गिरणीत घड्याळ चंद्राचे नव्हते, सूर्याचे होते. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली, ती १८५६ साली सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांत दिव्याची सोय बेताची. म्हणून उजाडले की काम सुरू आणि मावळले की बंद. हिवाळ्यात दहा-साडेदहा तास भरत, उन्हाळ्यात तेरा-चौदा. सूर्य हाच मुकादम होता, आणि त्याला लाच देता येत नव्हती.

१८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या आज वाचताना साध्या वाटतात. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी. आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. या शेवटच्या मागणीजवळ आम्ही नेहमी थांबतो. सूर्यास्ताला काम थांबावे, म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी चंद्रोदयाला थांबावे. लोखंड्यांच्या डोक्यात कोजागरी होती असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या डोक्यात थकलेला माणूस होता. पण माणसाची संध्याकाळ मागितली की तिच्याबरोबर चंद्र आपोआप येतो.

रविवार मिळायला सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रिया बोलल्या, हे विशेष. १० जून १८९० ला मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी दुपारपर्यंत झोपणाऱ्या पुष्कळांना वाटते की तो पंचांगातच सुटीचा वार आहे. पंचांगात एकही वार सुटीचा नाही. अपोलो बंदरावर बसलो होतो तो दिवस रविवार होता, आणि समोरच्या गर्दीतले निम्मे लोक लोखंड्यांमुळे तेथे आले होते, असे आम्ही दादांना म्हणालो. दादांनी मान हलविली, म्हणाले, "आणि उरलेले निम्मे त्यांना चहा विकताहेत."

मग वीज आली. विजेचा दिवा ही विद्येची मोठी देणगी. आम्ही स्वतः त्याच्याच उजेडात अक्षरे गिरविली. पण गिरणीत तो लागला तेव्हा त्याने सूर्याला मुकादमीवरून काढले. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या पुष्कळ गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कित्येक ठिकाणी काम पंधरा-पंधरा तास चालू लागले. पहाटे आत गेलेला कामगार रात्री आठ-नऊला बाहेर पडे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गिरणगावात संप झाले, दगडफेक झाली, पोलीस आले. आम्ही कुतूहलाने तिथीचा हिशेब केला. दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख यांची पुन्हा गाठ पडते. २०१९ मधून एकोणीस सक एकशे चौदा वजा केले की १९०५ येते. म्हणजे १९०५ ची कोजागरीही ऑक्टोबरच्या मध्यावरच, आम्ही बंदरावर बसलो त्याच सुमारास आली होती. त्या संध्याकाळी असाच चंद्र उगवला असेल. गिरणीच्या काचांतून आत विजेचा उजेड आणि बाहेर हा. आतल्या माणसाला बाहेरचा दिसण्याचे कारण नव्हते.

यानंतरचा इतिहास तासांचा आहे. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा झाला. १९२० च्या सार्वत्रिक संपानंतर मुंबईत दहा तास मिळाले. १९३४ च्या कायद्याने दहा तासांवर शिक्कामोर्तब झाले. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरले. तो १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. १९०५ पासून मोजले तर दिवसाचे सहा तास परत मिळवायला चव्वेचाळीस वर्षे लागली.

मुंबईचा हा इतिहास पुस्तकांत आहे. वाशीमचा त्यात नाही, म्हणून तो येथे सांगितला पाहिजे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला तेव्हा त्यातून दोन प्रकारचे कारखाने वगळले गेले. शंभरांहून कमी माणसांचे, आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक न चालणारे. या दोन वाक्यांत बहुतेक सगळी जिनिंगे कायद्याबाहेर गेली, कारण जिन हंगामाचे. कापूस आला की पेटायचे, सरला की विझायचे. १८८५ साली मुंबई सरकारच्या चौकशी समितीपुढे खानदेशातल्या जिनांची जी साक्ष झाली ती वाचवत नाही. पहाटेपासून रात्री दहापर्यंत त्याच बाया, आणि गर्दीच्या दिवसांत दिवसरात्र त्याच. वऱ्हाडातले जिन काही निराळ्या दैवाचे नव्हते. पुढे कायद्याने जिनांना कवेत घेतले, पण सावत्र म्हणून. १९३४ सालीदेखील बारमाही कारखान्याला दहा तास आणि हंगामी कारखान्याला अकरा. कारण काय, तर कापूस थांबत नाही. मुंबईच्या साच्यावरचा माणूस आणि वाशीमच्या जिनातली बाई कायद्याच्या एका ओळीत आली ती १९४८ च्या कायद्याने. त्यात आणखी एक कलम होते. बाईला सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर कारखान्यात ठेवायचे नाही.

कायदा झाला म्हणजे संध्याकाळ झाली, असे मात्र नाही. आता स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. २००१ साली आश्विन अधिक आला, त्यामुळे कोजागरी ऑक्टोबरच्या अखेरीस पडली आणि तोपर्यंत जिन सुरू झाले होते. एका जिनात आमची नवी संघटना होती. हजेरीपुस्तकात बायांची सुटी सहाची, प्रत्यक्षात आठ-नऊ वाजत. त्या दिवशी सकाळी बायांनी आम्हांला गाठले. पोरींची भुलाबाई आज उठायची, आम्हांला सहाला सोडा म्हणावे. आम्ही आत जाऊन सांगितले. उत्तर मिळाले, "चांद काय पळून जाते काय? गाड्या उभ्या आहेत." फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती, हे खरे. आम्ही घासाघीस केली आणि एक तास आधी सोडायचे ठरले, त्या तासाची मजुरी कापून. बाया आठला निघाल्या. ही मावशी त्यांतलीच. ती घरी पोहोचली तेव्हा तिची थोरली भुलाबाईपुढेच भिंतीला टेकून झोपली होती. ओवाळायचे तबक तसेच होते. मावशीने झोपलेल्या पोरीलाच ओवाळले.

येथे चूक त्या मालकाची आहेच; पण आमचीही आहे, आणि ती आम्ही या व्यासपीठावरून कबूल करतो. सातनंतर बाईला ठेवणे हाच कायद्याचा भंग होता. आम्ही मागायला हवी होती ती रोजची संध्याकाळ. आम्ही मागितली एका दिवसाची सवलत, तीही मजुरी सोडून. असे का झाले? कारण आम्ही सारी वर्षे दराची लढाई लढलो, वेळेची लढलोच नाही. क्विंटलमागे दोन रुपये वाढवून आणले की जिंदाबाद होई. आणि खरे सांगायचे तर कामगारांनाच जादा तास हवे असत. ज्याच्या दिवसाच्या मजुरीत घर चालत नाही तो आपली संध्याकाळ विकायला आपण होऊन उभा राहतो. त्याला संध्याकाळचे माहात्म्य सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशी सांगणे. दर आणि वेळ या एकाच गाडीच्या दोन धावा आहेत, हे लोखंड्यांच्या त्या १८८४ च्या अर्जात स्पष्ट आहे. पगाराची मागणी आणि सूर्यास्ताची मागणी एकाच कागदावर आहे. तो कागद आम्ही फार उशिरा नीट वाचला.

याची दुसरी बाजूही इतिहासात आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या वर्षीची कोजागरी आली तेव्हाही संप चालूच होता. गिरणगावात त्या वर्षी भोंगा नव्हता, पाळी नव्हती, संध्याकाळ हवी तेवढी होती, आणि घरात दुधाला पैसा नव्हता. दादांनी ती कोजागरी लालबागच्या चाळीत पाहिली होती. ते म्हणाले, "गच्चीवर सगळे होते. चंद्राकडे कोणी बघत नव्हते." रिकामी संध्याकाळ आणि मोकळी संध्याकाळ यांत फरक आहे. पुष्कळ गिरण्या त्यानंतर उघडल्या नाहीत. त्यांच्या जागी आज मनोरे आणि बाजार आहेत, आणि त्यांच्या दारांवर बारा-बारा तास उभे राहणाऱ्या रखवालदारांत आमच्या वाशीम, रिसोड, मानोऱ्याकडची पोरे आहेत. आम्ही त्या दिवशी अशा दोघांना भेटलो. एकाची पाळी सकाळी आठ ते रात्री आठ, दुसऱ्याची रात्री आठ ते सकाळी आठ. खोली एकच, अंथरूणही एकच. दोघे एका गावचे असून जागेपणी एकमेकांना दारातच भेटतात.

हा सगळा इतिहास झाला, असे म्हणून थांबता आले असते. पण २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम राहतील, असे त्याबरोबर सांगितले आहे. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरपासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या, आणि १९४८ चा कायदा त्यांत विरून गेला. बाईच्या संमतीने तिला रात्री कामावर ठेवण्याची वाटही आता मोकळी आहे. या बदलांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की, चार दिवस काम आणि तीन दिवस सुटी मिळेल. तसे जेथे होईल तेथे आम्ही त्याचे स्वागत करू. पण जिनात संमती कशी घेतली जाते हे आम्ही पाहिले आहे. सहाची सही करून नऊला सुटणाऱ्या बाईची संमती हजेरीपुस्तकात होतीच. म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की पगारपत्रकाबरोबर फाटकातून बाहेर पडण्याची वेळ रोज लिहून ठेवा. १८८५ सालच्या बायांबद्दल आज आपणांस काही ठाऊक आहे, ते कोणीतरी वेळ लिहून घेतली म्हणून.

त्या रात्री आम्ही जेवून पुन्हा अपोलो बंदराकडे गेलो. बाराला थोडा अवकाश होता. दादा म्हणाले होते तसेच, दगड बुडाले होते आणि पाणी भिंतीला धडका देत होते. चंद्र डोक्यावर आला होता, लहान आणि पांढरा, मावशीच्या ओळखीचा. तिने वाशीमहून आणलेला चारोळ्यांचा पुडा काढला. दूध एका टपरीवरून घेतले, आटविलेले नव्हते, चहाचेच. कागदी पेल्यांतून आम्ही सहा जणांनी ते घेतले. टपरीवाला बिहारचा होता. त्यालाही एक पेला दिला, तर तो म्हणाला की रात्रीचे दोन वाजेपर्यंत त्याची सुटी नाही. मावशीने थोरल्या लेकीला फोन लावला. लेक आता सासरी, पुसदला. मावशी तिला सांगत होती, "तो समुद्रातून निघते, अन् पहिले लाल राह्यते."

तेव्हापासून वाशीमला आमच्या संघटनेच्या गच्चीवर दरवर्षी कोजागरी होते. दूध मध्यरात्री नाही, संध्याकाळी साडेसहालाच देतो. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस असतात, सगळ्यांना येणे जमत नाही. कोण आले आणि कोणाला सुटी मिळाली नाही, हे एका वहीत लिहून ठेवतो. गेल्या खेपेला न आलेल्यांची यादी आलेल्यांहून मोठी होती. ती वही घेऊन आम्ही दिवाळीनंतर जिनांच्या फाटकांवर गेलो.